कानाला मागचं पान उलटता येत नाही: रेडिओवर लेखकाशी गप्पा कशा घडतात

सप्टेंबर २०२५मध्ये मेल्व्हिन ब्रॅग 'इन अवर टाइम'मधून बाजूला झाले. बीबीसी रेडिओ ४वर १५ ऑक्टोबर १९९८ला सुरू झालेला हा कार्यक्रम त्यांनी पंचवीसहून जास्त वर्षं, हजारावर भाग, चालवला. गुरुवारी सकाळी नऊ वाजता एक विषय घ्यायचा, त्यात आयुष्य घातलेले तीन अभ्यासक समोर बसवायचे आणि पाऊण तास बोलायचं. संगीत नाही, श्रोत्यांचे फोन नाहीत. विषय म्हणाल तर सम्राट अशोक, उपनिषदं, भगवद्गीता, झरथुष्ट्राचा धर्म. पाहुणे बहुतेक स्वतः लेखक, पण आपल्या पुस्तकाची जाहिरात करायला तिथे कोणी येत नसे.

ऐकताना वाटतं, चार शहाणी माणसं बसली, गप्पा रंगल्या, यात वेगळं करायचं ते काय? म्हणून तसंच करायला जावं तर पाचव्या मिनिटाला श्रोता स्टेशन बदलतो. लेखक तोलामोलाचा असतो, पुस्तक उत्तम असतं, प्रश्न विचारणाराही अभ्यासू असतो, तरी मुलाखत पडते. असं का होतं, हे समजायला या गप्पा आतून पाहाव्या लागतात.

मूळ अडचण एकच आहे. वाचणारा अडला की दोन ओळी वर जातो, हवं तर मागचं पान काढतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. निसटलेलं वाक्य तो आठवत बसतो तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात. लेखकाच्या मुलाखतीतली जवळजवळ प्रत्येक युक्ती या एका अडचणीवरचा उपाय आहे.

## शीत निवडायचं कुठलं?

आधी हिशोब करू. तीनशे पानांच्या मराठी पुस्तकात साधारण ऐंशी हजार शब्द असतात. गप्पांच्या ओघात माणूस मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतो. म्हणजे २८ मिनिटांच्या कार्यक्रमात सगळे मिळून साडेतीन हजार शब्द. पुस्तकाच्या मानाने हे चार टक्के, बारा-तेरा पानं. त्यातूनही ओळख, प्रश्न, एखादा वाचलेला उतारा वजा करायचा. 'इन अवर टाइम'च्या पाऊण तासात सूत्रधाराची पाच मिनिटं सोडली, तर प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला जेमतेम तेरा मिनिटं येतात.

चार टक्क्यांत पुस्तकाचा सारांश मावत नाही. तरीही बहुतेक मुलाखती सारांशाचाच प्रयत्न करतात: पहिल्या प्रकरणात काय आहे, दुसऱ्यात काय आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत नेमकं निवडावं लागतं. अर्ध्या तासाला पुरेल असं सामान एवढंच: पुस्तकाचा एक मुख्य दावा, त्याला आधार देणारे दोन-तीन प्रसंग आणि त्या दाव्यावरची एक खरीखुरी शंका. उरलेलं पुस्तकात राहू द्यावं.

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. 'हे पुस्तक लिहावंसं का वाटलं?' या प्रश्नाचं उत्तर लेखकाने प्रकाशन समारंभापासून अनेकदा दिलेलं असतं, ते घोटून गुळगुळीत झालेलं असतं. समजा, पुस्तक पेशवाईतल्या हिशेबांवर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर कापडात बांधून ठेवलेलं आहे, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. मग पहिला प्रश्न असा: 'रुमालाची गाठ सोडली की आधी काय दिसतं?' लेखक लगेच कागदाचा रंग, शाई, न तोडता सलग लिहिलेली मोडी यांबद्दल बोलायला लागतो. श्रोत्याला डोळ्यांपुढे काहीतरी दिसतं, आणि कल्पना पुढे टांगायला एक खुंटी मिळते. 'पेशवाईची अर्थव्यवस्था कशी होती?' हा प्रश्न दहाव्या मिनिटाला विचारला तर चालतो. पहिल्या मिनिटाला तो व्याख्यान सुरू करून देतो.

## पुस्तक न वाचता मुलाखत घेता येत नाही का?

येते. अमेरिकेचे मुलाखतकार लॅरी किंग लेखकाचं पुस्तक आधी वाचत नसत आणि हे उघडपणे सांगत. श्रोत्याला जेवढं माहीत तेवढंच आपल्यालाही असावं, म्हणजे प्रश्न त्याच्या मनातले निघतात, असा त्यामागचा विचार. उलट फिलाडेल्फियाहून 'फ्रेश एअर' हा मुलाखतींचा रेडिओ कार्यक्रम करणाऱ्या टेरी ग्रोस १९७५पासून पुस्तक नीट वाचून मगच बसत आल्या आहेत.

किंग यांची रीत आठवणी सांगणाऱ्या माणसाजवळ चालते, कारण आयुष्याची गोष्ट सांगणारा ती स्वतःच पुढे नेतो. विचार, इतिहास, धर्म यांवरच्या पुस्तकाला मात्र ती पुरत नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. लेखक काय टाळतोय, कुठे पुरावा कमी पडतोय, कुठली गोष्ट त्याला इतकी सवयीची झाली आहे की तो ती समजावायलाच विसरतो, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

वाचायचं कसं, तर दोनदा. तासाला तीस-पस्तीस पानांच्या वेगाने तीनशे पानांना नऊ-दहा तास लागतात. पहिलं वाचन हातात पेन न घेता, साध्या वाचकासारखं. दुसऱ्यांदा चिकटचिठ्ठ्या घेऊन, तीन रंगांच्या. ऐकायला गोडी वाटेल अशा प्रसंगाला पिवळी. जिथे आपल्याला कळलं नाही तिथे निळी. जिथे पटलं नाही तिथे गुलाबी. नवखा माणूस निळ्या चिठ्ठ्या रेकॉर्डिंगआधी काढून टाकतो, आपलं अज्ञान दिसू नये म्हणून. पण सगळ्यांत कामाच्या त्याच. जे दोनदा वाचून आपल्याला कळलं नाही, ते एकदा ऐकून श्रोत्याला कळणार नाही.

यातून वीसेक प्रश्न निघतात. प्रत्यक्षात आठ-नऊच विचारले जातात. पहिला, शेवटचा आणि एक अवघड, हे तीन पक्के ठरवावेत. बाकीचे लेखकाच्या उत्तरांतून सुचले तर जास्त बरं.

## आधीचा फोन

रेकॉर्डिंगच्या काही दिवस आधी पाहुण्याशी फोनवर बोलणं होतं, त्याला पूर्वसंवाद म्हणू. 'इन अवर टाइम'मध्ये हे काम निर्माता करतो, आणि त्याच्या टिपणांवर सूत्रधार अभ्यास करतो. ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे. माणूस उत्तम गोष्ट एकदाच उत्तम सांगतो. ती फोनवर सूत्रधारालाच सांगून झाली असेल, तर माइकसमोर ती 'मघाशी म्हटलं तसं' म्हणून दोन वाक्यांत उरकली जाते. श्रोत्याच्या बाबतीत 'मघाशी' असं काही घडलेलंच नसतं.

एकच माणूस सगळं करत असेल तर फोनवर 'कशाबद्दल बोलू या?' एवढंच विचारावं. लेखक प्रसंग रंगवायला लागला की हळूच थांबवून 'हे तसंच रेकॉर्डिंगला राहू द्या' म्हणावं. नावांचे उच्चार, सनावळी आणि संबोधनं याच वेळी ठरवून घ्यावीत. एरवी एकमेकांना अरे-तुरे करणारे दोघं मित्र कार्यक्रमात 'तुम्ही'वर येतात, आणि मधेच एखादं 'अरे' निसटलं की श्रोत्याला आपण परक्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. एकतर सगळं 'अरे', नाहीतर सगळं 'तुम्ही'.

## मराठीत अर्थ वाक्याच्या शेपटीत असतो

बाहेरच्या कार्यक्रमांचं अनुकरण करताना इथे हमखास फसायला होतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही मागून. 'त्या काळातल्या सगळ्या बखरी विश्वासार्ह आहेत असं मला वाटत नाही.' शेवटची दोन अक्षरं ऐकू आली नाहीत की लेखकाचं मत उलटं होतं. आणि बोलणाऱ्यांचा आवाज पडतो तोही नेमका वाक्याच्या शेवटी. दमलेला किंवा वयस्क लेखक 'नाही' जवळजवळ श्वासात विरवून टाकतो.

म्हणून तीन गोष्टी पाळाव्या लागतात. लेखकाचं क्रियापद येईपर्यंत मधे बोलायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याचं 'हं... हं... बरोबर' बंद, त्याऐवजी मान हलवायची, कारण ते 'हं' बरोबर त्या 'नाही'वर पडतं आणि पुढे संपादनात दोन्ही वेगळे करता येत नाहीत. आणि 'नाही' गिळलं गेलं असेल तर तिथल्या तिथे विचारायचं: 'म्हणजे बखरींवर विसंबू नये, असं तुमचं म्हणणं?' मिळालेलं 'हो' सगळं स्वच्छ करतं.

दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही हेच होतं. मराठीत 'असं अमुक म्हणतात' हे वाक्य संपताना येतं. छापील पानावर अवतरणचिन्हं असतात, कानाला ती दिसत नाहीत. लेखकाने एखाद्या कर्मठ ग्रंथातलं कडक वचन उद्धृत केलं, तर 'असं त्या ग्रंथात लिहिलंय' येईपर्यंत ते मत लेखकाचंच वाटतं, आणि मधेच रेडिओ लावलेला माणूस संतापून बंदही करतो. उपाय सोपा आहे, बोलणारा आधी सांगावा: 'त्या ग्रंथात असं लिहिलंय की...' लेखनात हे 'की' जड वाटत असेल, रेडिओवर ते अत्यंत उपयोगी आहे.

## धर्मावर बोलताना कोण बोलतंय?

धर्माच्या विषयावर मुलाखत बिघडते ती बहुधा तीन थर एकमेकांत मिसळल्यामुळे: परंपरा काय मानते, जुन्या साधनांत काय आढळतं आणि अभ्यासक त्यातून काय अर्थ काढतो.

तुकोबांच्या वह्यांचं उदाहरण घ्या. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या मुखी होते, त्यामुळे ते बुडू शकले नाहीत, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. आता मुलाखतीत 'वह्या तरल्या' एवढंच म्हटलं तर अभ्यासक कावतो, 'वह्या काही तरल्या नसणार' म्हटलं तर वारकरी दुखावतो, आणि दोघांपैकी कोणालाच पुस्तकाचा मुद्दा कळत नाही. 'वारकरी मानतात', 'अभंगांत येतं', 'माझा तर्क असा' हे तीन शब्दप्रयोग लेखकाने जपून वापरले, की दोघंही शेवटपर्यंत ऐकतात. लेखक विसरला तर विचारणं प्रश्नकर्त्याचं काम: 'हे परंपरेचं म्हणणं झालं. तुम्हाला काय वाटतं?'

एकेरी-अनेकवचनाचाही प्रश्न असतो. मराठी समीक्षेत 'तुकाराम म्हणतो' अशी जुनी वहिवाट आहे, त्यात अनादर नसतो, उलट जवळीक असते. पण कानावर ते एकेरी म्हणूनच पडतं. लेखकाने एकेरी वापरायचंच ठरवलं असेल, तर पहिल्या दोन मिनिटांत कारण सांगून मोकळं व्हावं.

'मग असे विषय टाळलेले काय वाईट?' असं कोणी म्हणेल. आकाशवाणीची प्रसारण संहिता धर्मांवर किंवा समाजगटांवर हल्ला करायला मनाई करते. धर्माबद्दल बोलायला ती मनाई करत नाही. हल्ला आणि चिकित्सा यांतला फरक वरच्या तीन शब्दप्रयोगांत बराचसा सांभाळला जातो. आपल्याकडे संतसाहित्य, बौद्ध विचार, सूफी दर्गे, गोव्यातली ख्रिस्ती मराठी रचना यांवर इतकं भरीव काम झालं आहे की ते न ऐकवणं हा श्रोत्यावर अन्याय आहे.

## एक वीत अंतर

तांत्रिक बाजू थोडक्यात. तोंड आणि माइक यांत एक वीत, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर अंतर असावं आणि माइक ओठांच्या किंचित बाजूला असावा. समोर धरला तर 'प', 'फ', 'भ' यांची हवा थेट त्यावर आदळून 'धप्प' आवाज येतो. मराठीत महाप्राण भरपूर, त्यामुळे हा त्रास जास्त. दोन माइक असतील तर त्यांच्यातलं अंतर तोंड-माइक अंतराच्या तिप्पट, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या पुढे हवं. नाहीतर एकाचा आवाज दोन्हीकडे शिरतो आणि विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. पंखा बंद, बांगड्या आणि किल्ल्या दूर, पुस्तकाची पानं टेबलावर सुटी पसरलेली. रेकॉर्डरच्या मीटरवर शून्य ही आवाज फाटायची हद्द असते, म्हणून आवाजाची उच्चतम पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवली की लेखक अचानक हसला तरी आवाज फाटत नाही.

साध्या फोनवरची मुलाखत थकवते, त्यालाही कारण आहे. जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पोचवते. 'स'चा सळसळता भाग त्याच्या वर असतो, तो गाळला जातो. मग श्रोत्याचा मेंदू प्रत्येक शब्द अंदाजाने पुरा करत राहतो. लेखक दुसऱ्या गावी असेल तर बोलणं फोनवर करावं, पण त्याच्याजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवून त्याचा आवाज तिथेच टिपावा. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवायची, नंतर त्या टाळ्या जुळवून दोन्ही फायली एकमेकांशेजारी बसवायच्या. 'फ्रेश एअर'चे पुष्कळ पाहुणे दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत बसलेले असतात. टेरी ग्रोस यांना ते दिसतही नाहीत, आणि ऐकणाऱ्याला हे कळतही नाही.

## कापाकापी म्हणजे फसवणूक नाही का?

२८ मिनिटांसाठी पन्नास-साठ मिनिटं रेकॉर्ड करतात. म्हणजे निम्मं जातं. लोकांच्या मनात इथे शंका येते, आणि ती रास्त आहे.

काय जातं ते पाहा. दोनदा सांगितलेली गोष्ट, चुकीचं सुरू झालेलं वाक्य, खोकला, मूळ मुद्द्यापासून लांब गेलेली वाट. 'म्हणजे' आणि 'असं आहे की' यांतले निम्मे. सगळे काढले तर माणूस छापील मजकूर वाचतोय असं वाटतं, म्हणून निम्मेच. काप श्वासाच्या आधी घ्यायचा, म्हणजे पुढचं वाक्य स्वतःच्या श्वासासह येतं. श्वासानंतर कापलं तर बोलणारा हवेतून उगवल्यासारखा वाटतो, आणि मागचा-पुढचा असे दोन श्वास लागोपाठ राहिले तर धाप लागल्यासारखा. सांधे बुजवायला खोलीची नुसती शांतता लागते. तिलाही आवाज असतो, दुपारी वेगळा, रात्री वेगळा. म्हणून रेकॉर्डिंग झाल्यावर सगळ्यांनी गप्प बसून एक मिनिट ती शांतता टिपून ठेवायची. ही एक मिनिटाची फाईल घ्यायची राहिली, तर संपादकाची अख्खी रात्र जाते.

काय करायचं नाही, हेही तितकंच ठरलेलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही. 'पण', 'बहुधा', 'माझ्या मते' हे शब्द वेळ वाचवायला काढायचे नाहीत, कारण त्यांत लेखकाचा प्रामाणिकपणा असतो. अवघड प्रश्नानंतरची शांतता पूर्ण काढायची नाही. चार सेकंदांची दोन करावी, शून्य नाही. टेरी ग्रोस पाहुण्याला आधीच सांगतात की उत्तर अर्ध्यावरून पुन्हा सुरू करायला हरकत नाही आणि एखादा प्रश्न फार खाजगी वाटला तर तसं म्हणा. हे सांगितलेलं असलं की कापणं लेखकाच्या संमतीने होतं, आणि बोलणाराही मोकळा होतो.

## पॉडकास्ट मागे नेता येतो की

येतो, पण नेत कोण? ऐकणारा पोळ्या लाटत असतो, लोकलमध्ये लटकत असतो, गाडी चालवत असतो. हात रिकामे नसतात म्हणून तर तो वाचत नाही, ऐकतो. त्यामुळे जुने नियम पॉडकास्टलाही लागू होतात: दर सात-आठ मिनिटांनी लेखकाचं आणि विषयाचं नाव पुन्हा घ्यायचं, एका वाक्यात एकच सन सांगायचा, नवीन संज्ञा आली की तिथेच अर्थ सांगायचा, आणि लेखकाने वाचलेला उतारा दीड मिनिटापलीकडे न्यायचा नाही.

बदललंय ते एवढंच की लांबीचं बंधन सुटलं आहे. विद्यापीठांची आणि गावागावांतली सामुदायिक रेडिओ केंद्रं दहा-पंधरा किलोमीटरपुरती ऐकू येतात. त्यांची चांगली मुलाखत आता अमेरिकेतल्या मराठी घरातही ऐकता येते.

## 'धन्यवाद' म्हटल्यानंतर

कार्यक्रम संपला की लेखक खुर्चीत मागे रेलतो, चहा येतो, आणि तेव्हा तो खरं बोलायला लागतो. 'इन अवर टाइम'ने हे ओळखलं. प्रसारण संपल्यावर ब्रॅग पाहुण्यांना विचारत की काय राहून गेलं, आणि ती काही मिनिटं पुढे पॉडकास्टला जोडली जाऊ लागली. इतका वेळ एकमेकांशी सभ्यपणे सहमत असलेले प्राध्यापक तिथे कधीकधी पहिल्यांदा भांडतात. शेवटी निर्माता आत येऊन चहा की कॉफी विचारतो, तेही अनेकदा तसंच ठेवलेलं असतं.

छोट्या केंद्रालाही हे जमण्यासारखं आहे. 'धन्यवाद' म्हटल्यावर रेकॉर्डर बंद करायचा नाही. लेखकाला दिसेल असा, त्याला सांगून चालू ठेवायचा, आणि विचारायचं: 'मी काय विचारायला हवं होतं?'